पाच तोळ्यांचं पाखरू

उरणजवळच्या करंजाच्या मासेवाल्या मावशीमुळे माझं पाखरू आणखी दोन वर्षं जगलं, हे आधीच लिहून ठेवते. पुढे डॉक्टरांचं येईल, सोनारकाकांचं येईल, माझ्या आईचं येईल, आणि त्या गडबडीत मावशी मागे पडेल. तसं व्हायला नको. तिचं-माझं नातं काहीच नव्हतं. ती कोळीण, मी लातूरकडची. आमच्या घरात वडिलांच्या गळ्यात माळ, त्यामुळे मासळी आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. मावशीच्या पाटीतलं मी आजवर काहीही विकत घेतलेलं नाही. तिचं नावसुद्धा कधी विचारलं नाही. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला "घाटावरची" म्हणायची, आणि तेवढ्यावर आमचं चाललं होतं.

मी सातवी शिकलेली. आठवीची शाळा पलीकडच्या गावात होती आणि घरचे म्हणाले, पुरे आता. लग्न होऊन आले ती थेट पनवेलजवळच्या रोडपालीला, तळमजल्यावरच्या एका खोलीत. हे ट्रेलर चालवतात. बंदरातून माल भरून निघाले की चार-चार दिवस, कधी आठ दिवस घरी नाहीत. मी आजूबाजूच्या तीन घरी पोळ्या करायचे. साडेअकराला मोकळी. मग संध्याकाळपर्यंत मी आणि भिंती. एकटं वाटायचं, पण त्याहून जास्त भीती वाटायची. कशाची, ते नीट सांगता यायचं नाही. गॅस बंद केला का, ह्यांचा फोन का लागत नाही, आज कामाच्या घरच्या वहिनी पोळ्यांना चांगलं-वाईट काहीच म्हणाल्या नाहीत म्हणजे उद्यापासून नको म्हणणार का. असल्या भीती. त्या काही मोठ्या नसतात, पण सारख्या असतात.

त्या तीन घरांतल्या एका घरी एक निळं पाखरू होतं. मी लाटणं फिरवायला लागले की त्या आवाजावर ते चिवचिव करायचं. त्या लोकांची पुण्याला बदली झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तू नेतेस का ह्याला? तसाही तो तुझ्याशीच बोलतो." त्यांचा मुलगा म्हणाला, "लव्हबर्ड आहे हा. सांभाळ हं ताई." मी मान हलवली. पण सासूबाईंना फोनवर सांगताना तो शब्द काही माझ्या तोंडातून निघेना. म्हटलं, पोपट आणलाय. "हिरवा का?" "नाही, निळा." "निळा पोपट कुठं असतोय?" सासूबाई म्हणाल्या आणि पुढे बरेच दिवस त्यांना वाटत राहिलं की मला कुणीतरी फसवलं.

वहिनींनी पिंजऱ्याबरोबर राळ्याची, बारीक पिवळ्या दाण्यांची, पिशवी दिली आणि सांगितलं, "रोज दीड चमचा राळं घाल. बाकी लाड करू नकोस." मला ते फार कंजूषपणाचं वाटलं. राळ्याचा भात आम्ही वर्षातून एकदा, भोगीला खातो. वर्षातून एकदा खायचं ते ह्या जिवाने रोज खायचं, तेही दीड चमचा? मी मनात म्हटलं, बाबा रे, आता तू शेतकऱ्याच्या घरी आलायस.

आणि मी आईला फोन केला.

आईला दुसरं काय हवं होतं? लेकीच्या घरी खाणारं तोंड आलं होतं, मग ते चोचीचं का असेना. महिन्याभरात तिने लातूरहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरपाशी बोचकं दिलं. सकाळी सहाला मी कळंबोलीच्या सर्कलला जाऊन ते उतरवून घेतलं. वर माझ्यासाठी डाळ आणि शेंगदाण्याची चटणी, आणि खाली तीन पुरचुंड्या. एकीत करडई, एकीत सूर्यफूल, एकीत शेंगदाणे. तिन्ही माझ्या माहेरच्या रानातल्या. सूर्यफुलाचं बी त्या चिमुकल्या चोचीला फोडता येईना, तर मी दुपारी बसून एकेक सोलायचे. शेंगदाणा कुटून द्यायचे. ते माझ्या बोटावर बसून खायचं. खाताना डोळे मिटायचं. कुणी आपल्या हातचं डोळे मिटून खातंय, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ज्या घरी मी पोळ्या करायचे ते लोक जेवताना टीव्ही बघायचे.

दर रविवारी आई विचारायची, "खातंय का गं लेकरू?"

"खातंय की. पुरचुंडी संपत आली."

"अंगी लागतंय का?"

"लागतंय. बाळसं धरलंय बघ आता."

माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. बाळसं हा शब्द मी फोनवर म्हटला की आई तिकडून म्हणायची, "बरं बाई, बरं." दुसऱ्या महिन्यात बोचकं जड यायचं.

मावशी मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. करंजाहून मासळी घेऊन, आमच्या सेक्टरच्या चार-पाच बिल्डिंगा करून, बाराच्या सुमाराला रिकामी पाटी घेऊन माझ्या दारात टेकायची. पहिल्यांदा पाणी मागायला आली, मग ते नेहमीचंच झालं. मी तिला "तुम्ही" म्हटलं तर म्हणाली, "मना तुमी-बिमी नको गो. मी काय मास्तरीण हाय?" मी पाटी उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगायचे, वासामुळे. ती त्यावरही हसायची. "तुजा देव पाटीला भितो, मना नाय भीत."

एका शुक्रवारी पाखरू माझ्या खांद्यावर बसलेलं होतं. मावशीने पाणी पिता पिता त्याच्याकडे बघितलं, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "आन इकडं."

"चावेल."

"चावू दे. खेकडं चावल्यात मना."

तिने ते एका हातात असं धरलं की त्याला ओरडायलाही सुचलं नाही. उलटं केलं, अंगठ्याने छातीवर चाचपलं आणि मग छातीच्या पिसांवर जोरात फुंकर मारली. पिसं दोन बाजूंना झाली. खाली कातडीच्या आत पिवळट गोळा होता, लहान बोराएवढा.

"बाळसा नाय गो ह्यो," मावशी म्हणाली. "गाठ हाय. चरबीची."

"मासळी विकून तुला पाखरातलं काय कळतंय?" मी म्हटलं. असं मी कुणाला बोलत नाही. पण बोलले.

"पोट चाचपल्याबिगर आमी मासा घेत नाय. पोटातला आमाला कलतो. काय खायाला घालतेस ह्याला?"

मी सांगितलं. सांगताना मला अभिमानच वाटत होता. मावशीने पाखरू माझ्या हातात दिलं आणि पदराने हात पुसले. "घाटावरची मानसा तुमी," ती म्हणाली, "खायाला घालून मारता."

ती गेल्यावर मी दार लावलं आणि मीठ-मोहरी घेऊन पाखराची दृष्ट काढली. सात वेळा. कोळणीने बघितलं, चाचपलं, फुंकर मारली, आता काय राहिलं? मोहऱ्या तव्यावर तडतडल्या तेव्हा बरं वाटलं. ते मी आज लाजून लिहितेय, पण लिहितेय. दृष्ट काढून झाल्यावर मी त्याला दोन सूर्यफुलं जास्त सोलून दिली.

पुढच्या बारा-पंधरा दिवसांत ते दाराच्या चौकटीवर उडून जायचं बंद झालं. मावशी आली की मी तांब्या दारातच द्यायचे, पाखरू दाखवायचे नाही. आधी चौकटीपर्यंत, मग कपाटापर्यंत, मग नुसतं दांडीवरून खाली. एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी बसलेलं दिसलं. छातीची पिसं स्वतःच उपटलेली, आणि तो पिवळा गोळा आता फुंकर न मारताच दिसत होता. हे घरी होते. मी रडायला लागले तर म्हणाले, "अगं पाखरूच आहे. गेलं तर दुसरं आणू." ते वाईट मनाने बोलले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटलं. मी चहा टाकला.

बुटाच्या खोक्याला भोकं पाडून मी ते पनवेलला नेलं. पहिल्या ठिकाणी गाई-म्हशींचं बघत होते. तिथल्या साहेबांनी खोक्यात डोकावून नवीन पनवेलमधल्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला. तिथे मी दीड तास बसले. माझ्या एका बाजूला पट्ट्यात बांधलेला भला मोठा कुत्रा, दुसऱ्या बाजूला टोपलीत मांजर, आणि माझ्या मांडीवर खोकं. मांजर सारखं खोक्याकडे बघत होतं. त्याची मालकीण मला म्हणाली, "ती काही करत नाही हं." मी खोक्यावर दोन्ही हात ठेवून बसले.

डॉक्टर तरुण होते, शांत होते. "हा लव्हबर्ड नाही, बजी आहे," ते म्हणाले. म्हणजे इतके दिवस तो शब्द लपवला तो फुकटच. मग त्यांनी विचारलं, काय खायला देता? मी सगळं सांगितलं. करडई, सूर्यफूल, शेंगदाणे. आमच्या रानातले, खत न मारलेले. त्यांचा पेन थांबला.

"ताई, तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ श्रीखंड-पुरी खाल्ली तर काय होईल?"

"आजारी पडेन," मी म्हटलं.

"ह्याचं तेच झालंय. सगळ्या तेलबिया. आणि हा पिंजऱ्यात बसून." त्यांनी सांगितलं की गाठ चरबीची आहे, कापून काढता येते, पण एवढ्याशा जिवाला भूल देणं फार धोक्याचं, ते स्वतः करणार नाहीत. तेलबिया बंद करा. राळं, थोडी बाजरी, हिरवा पाला, किसलेलं गाजर. रोज दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून उडू द्या. "पण सांभाळून. नवीन खाणं दिसलं की हे पक्षी उपाशी राहतात, पण तोंड लावत नाहीत. वजन झपाट्याने उतरलं तर गाठीच्या आधी तो जाईल. दर आठवड्याला वजन करा. चाळीस ग्रॅमच्या आसपास आणायचंय, पण हळूहळू."

"वजन कशावर करू?"

"ग्रॅम दाखवणारा काटा हवा." त्यांनी चिठ्ठीवर इंग्रजीत काहीतरी लिहून दिलं. ते मला वाचता आलं नाही. लाजेने मी विचारलंही नाही.

बाहेर येऊन मी रस्त्यावर उभी राहिले. काय करायचं नाही ते कळलं होतं. पण माझ्या हातांना दुसरं काहीच येत नव्हतं, खायला घालण्याशिवाय. माझ्या आईलाही येत नव्हतं.

मंगळवारी मावशी आली तेव्हा मी दार उघडून नुसती उभी राहिले. तिने खोकं बघितलं, उपटलेली छाती बघितली. "मी सांगितला नव्हता?" असं ती म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. ती म्हणाली, "पानी दे आदी." मग पाणी पिऊन, "काय बोलला डाक्टर?"

मी वजनाचं सांगितलं. किराणावाल्याच्या काट्यावर पाखरू ठेवलं तर काटा हलतही नाही, हेही सांगितलं. तिने स्वतःच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ चाचपली, क्षणभर विचार केला आणि उठली. "चल. आमच्या सोनाराकडं ग्रॅम काय, गुंजसुद्दा मोजतो तो."

जुन्या पनवेलच्या बाजारातला तो सोनार तिच्या घरचा पिढीजात. आम्ही आत गेलो, ती हातात पाटी घेऊन आणि मी हातात खोकं घेऊन. गादीवर बसलेले काका म्हणाले, "या मावशी. आज काय मोडायला आणलंत?"

"मोड नाय रे. ह्याचा वजन कर."

मी खोकं उघडलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कानातले बघत बसलेल्या दोन बायका उठून जवळ आल्या. काकांनी काचेच्या पेटीतल्या काट्यावर एक पितळी डबी ठेवली, काटा शून्यावर आणला, आणि मावशीने पाखरू त्या डबीत अलगद ठेवून वरून झाकणासारखा हात धरला. हात उचलला. पाखरू इतकं थकलेलं होतं की हललंच नाही.

"पाच तोळे, तीन ग्रॅम," काका म्हणाले. "ऐवज आहे की. कॅरेट किती?"

"थट्टा नको करू, पोरगी रडतेय."

"बरं, कितीवर आणायचंय?"

"चाळीस ग्रॅम. म्हणजे चार तोळे," मी म्हटलं.

"म्हणजे एक तोळा तीन ग्रॅम घट." काका हसले. "चाळीस वर्षांत घट मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय. सगळे भांडायला येतात, घट का धरली म्हणून."

तेवढ्यात पाखराने डबीत घाण केली. "घे, घट सुरू झाली!" मावशी म्हणाली आणि त्या कानातलेवाल्या बायकांसकट सगळं दुकान हसलं. मीही हसले असेन. दर मंगळवारी यायचं ठरलं. काकांनी ती पितळी डबी बाजूला काढून ठेवली.

घरी आल्यावर मी तिन्ही पुरचुंड्या माळ्यावर टाकल्या आणि वाटीत राळं भरलं. पाखराने राळं चोचीने बाहेर उडवलं. सूर्यफुलाच्या जागेकडे बघत बसलं. माझ्या बोटावर येऊन बोट चाचपलं, रिकामं बोट. मला वाटलं, एक द्यावं. एकाने काय होतंय? मी माळ्याखाली स्टूल ठेवलं, वर चढले, उतरले. असं दिवसातून किती वेळा केलं असेल. दोन दिवसांनी वाटीत बघितलं तर राळं तसंच्या तसं, काठापर्यंत भरलेलं. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही भरलेलंच. म्हणजे शिवतच नाही. मी हात जोडून सांगायचे, खा रे बाबा, थोडं खा. घाबरून मी वाटी बदलायचेही नाही, की हलवली तर आणखी रुसेल.

मंगळवारी काका आकडा वाचून खूश झाले. "चार तोळे सात ग्रॅम! मावशी, सहा ग्रॅम घट एका आठवड्यात."

मावशी खूश झाली नाही. "एवढी घट? सोना आटला तर चालता, जीव आटून कसा चालंल?" ती माझ्याबरोबर घरी आली. वाटी हातात घेतली आणि तिच्यावर फुंकर मारली.

वाटीतून नुसती फोलपटं उडाली. खोलीभर. खाली वाटी कोरडी, रिकामी होती.

पाखरू दाणा फोडून खातं आणि फोल वाटीतच टाकतं. वरून बघितलं तर वाटी भरलेली. पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्याने सगळं राळं खाल्लं होतं, आणि पुढचे चार दिवस माझं लाडकं पाखरू फोलपटांच्या वाटीपुढे उपाशी बसलं होतं, आणि मी त्याला हात जोडून खा म्हणत होते. लहानपणी खळ्यावर मी वाऱ्याला धान्य उफणलंय. फोल काय नि दाणा काय, हे मला कळायला नको होतं? मी खाली बसले. फोलपटं गोळा करता करता रडले.

"रडून झाला का राला घाल," मावशी म्हणाली. "मी आयुष्यभर ताजी मासली वलखते. तरी एकदा बर्फातली शिली घेऊन आलेच की."

पाला ते खायचंच नाही. मी मेथी घातली, कोथिंबीर घातली, गाजर किसून घातलं. सगळं पिंजऱ्यात सुकून जायचं. मग एका शुक्रवारी मावशीने कोथिंबिरीची जुडी धुऊन घेतली आणि पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसली. एक काडी तोंडात घातली आणि मचमच आवाज करत खायला लागली. "माजा नातू असाच," तोंड भरलेलं असताना ती म्हणाली. "दुसऱ्यानं खाल्ला तर त्याला पायजे." एवढी मोठी बाई, गळ्यात सोनं, नाकात नथ, आणि बकरीसारखी कोथिंबीर चावतेय. पाखरू दांडीवर सरकत सरकत जवळ आलं. मान वाकडी केली. तिने उरलेली ओली जुडी सळ्यांना अडकवली. पाखरू आधी त्या ओल्या पानांत घुसून अंग घासायला लागलं, आंघोळ केल्यासारखं. मग एक पान चोचीत धरलं. सोडलं. परत धरलं.

तेव्हापासून मी जेवायच्या आधी त्याच्यासमोर बसून पाला खायचे. ह्यांनी एकदा बघितलं आणि अंघोळीला निघून गेले. दुसऱ्या वेळी मावशीने माकुलाचं पांढरं हाड आणून दिलं, चोच घासायला. माझ्या घरात माशाचं हाड! मी ते आधी तुळशीच्या पाण्याने धुतलं आणि मग पिंजऱ्यात लावलं. मावशी बघत होती. "झाला का पवित्र?" तिने विचारलं.

सगळ्यांत अवघड आईला सांगणं होतं. दर रविवारी ती विचारायची आणि दर रविवारी मी खोटं बोलायचे. बोचकी येत होती. माळ्यावर सहा पुरचुंड्या झाल्या. आईचा हात माझ्या पाखराला मारत होता, हे मी तिला कुठल्या शब्दांत सांगू? तिच्याकडे द्यायला दुसरं होतं काय?

एका दुपारी तिचा फोन आला तेव्हा मावशी दारात होती. "सांग तिला," मावशी म्हणाली. मी नाही म्हणून मान हलवली. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"आये, मी मासेवाली बोलतंय. तुमचे करडईन पाखराला गाठ आली. आता धाडू नका. तो गेला असता."

तिकडून आई काहीतरी म्हणाली. मावशीला कळलं नाही. मावशी काहीतरी म्हणाली, ते आईला कळलं नसणार. दोघी एकाच वेळी मोठमोठ्याने बोलत होत्या, जणू आवाज वाढवला की भाषा सोपी होते. मग मावशीने फोन माझ्याकडे दिला.

"मला वाटलं, अंगी लागतंय," आई म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं."

"मग आता मी काय पाठवू?"

"ते आता राळं खातंय," मी म्हटलं. आमच्याकडे आता राळं कुणी पेरत नाही, सगळं सोयाबीन झालंय, हे दोघींनाही माहीत होतं. माळ्यावरच्या पुरचुंड्या मावशीने पाटीत घातल्या. "आमी खातो. आमाला गाठ-बीठ येत नाय, डोक्यावर पाटी हाय." दीड महिन्याने ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन आला. बोचक्यात एकच लहान पुरचुंडी होती. उघडली तर राळं. शेजारच्या गावात एक म्हातारी परसात थोडं लावते, आई पायी जाऊन तिच्याकडून घेऊन आली होती.

मंगळवारमागून मंगळवार आम्ही सोनाराकडे जात राहिलो. चार तोळे आठ. चार तोळे सात. एका आठवड्यात काहीच नाही. चार तोळे पाच. पाखरू आता डबीत उभं राहायचं, काकांच्या पेनावर चोच मारायचं. सहा-सात महिन्यांनी चार तोळे एक ग्रॅम झालं, आणि त्याच आठवड्यात ते दाराच्या चौकटीवर जाऊन बसलं आणि तिथून माझ्यावर ओरडलं. गाठ पूर्ण गेली नाही. बोराएवढीची हरभऱ्याएवढी झाली आणि तिथेच थांबली. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, आता त्याला तिचा त्रास नाही. मी रोज पिसांवर फुंकर मारून बघायचे. ती रोज तिथेच असायची. आपण काहीतरी केलं असं म्हणावं, तर ती गाठ तिथून बघत असायची.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मावशी यायची थांबली. दोन मंगळवार वाट बघितली. मग पाटी घेऊन दुसरीच बाई आली, तरुण. मावशीची सून. "सासूचे गुडगे गेले," ती म्हणाली. "घरीच असते. पाखराला इचारलाय." मी तिला पाणी दिलं. ती घाईत होती, दारात टेकली नाही. पुढे तिनेही आमची बाजू सोडली, तिला उरणच्या बाजारात जागा मिळाली म्हणे.

पाखरू मग आणखी सव्वा वर्ष राहिलं. एका सकाळी मी कामावर जाताना दांडीवर होतं, परत आले तेव्हा खाली होतं. अंग आखडलं नव्हतं अजून. कशाने गेलं, वयाने का आणखी कशाने, मला माहीत नाही. विचारायला कुणाकडे नेलंही नाही. वाटीत सकाळचं राळं होतं. मी वाटीवर फुंकर मारली. फोलपटं उडाली, आणि खाली दाणे होते. उपाशी गेलं नाही, एवढंच मला त्या दिवशी कळलं.

मी खोकं घेऊन एकटीच सोनाराकडे गेले. का गेले ते सांगता येणार नाही. काकांनी खोक्यात बघितलं. ती पितळी डबी काढली, काटा शून्यावर आणला. "चार तोळे," ते म्हणाले. "पुरे चार." मग हळूच विचारलं, "मावशीला कळवलंस का?"

नाही कळवलं. कसं कळवणार? फोन नंबर नाही, नाव नाही. काकांना तिचं घर माहीत आहे, त्यांनी मला सांगितलंय, करंजाच्या धक्क्यावरून आत गेलं की देवळाच्या मागे. उरणची एसटी आहे, पुढे रिक्षा. अवघड काही नाही. पण मी गेले नाही. पाखरू वाचवून दिलेल्या बाईसमोर रिकाम्या हातांनी उभी राहून काय म्हणू, ह्याची भीती वाटत राहिली. माझ्या सगळ्या भीतींत हीच तेवढी खरी होती बहुतेक.

एकदा, वजन उतरायला लागलं तेव्हा, मी मावशीला म्हटलं होतं की तुझे उपकार मी कसे फेडू, तू तर माझ्याकडचं पाण्याशिवाय काही घेत नाहीस. ती पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाली होती, "तो तुजा राल्याचा भात खाऊ घाल कंदी. पाखरू खातो, मी का नाय?"

दर वर्षी भोगी येते आणि मी एकटीपुरत्या पातेल्यात भात करते. ह्या वर्षी आईला सांगून ठेवलंय, पुरचुंडी मोठी पाठव. पाखरासाठी नको, माणसासाठी हवी. मावशी, ह्या भोगीला मी राळं घेऊन करंजाला येईन. तुझ्या चुलीवर, तुझ्या मासळीच्या भांड्यात शिजवीन, ते भांडं तुळशीच्या पाण्याने धुणार नाही. तुझे गुडघे दुखतात, तू उठू नकोस. मी वाढीन, आणि तुझं नावही तेव्हाच विचारीन.